सागाच्या पानाला हात

सागाला अळी लागली त्या वर्षी आमच्या पाड्यात देव दोन होते आणि दोघांच्याही माणसांना काम करायचं नव्हतं. मी त्या पाड्यात सून होते. लग्नानंतरचा दुसरा पावसाळा चालू होता.

पाडा नवापूरच्या अंगाला, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात. बहुतेक घरं जुन्या देवांची, तीन-चार ख्रिस्ती, त्यांतलं एक आमचं. घरात सगळे मावची बोलायचे. मी मिशनच्या शाळेत थोडं शिकले म्हणून हे मराठीत लिहू शकते, आणि घरच्यांचं बोलणंही इथे मराठीतच देते. माझा सासरा ख्रिस्ती घरांचा पुढारी. रविवारची प्रार्थना तोच चालवायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक मांडीवर उघडं ठेवून डोळे मिटले की तो अशा थाटात बोलायचा, की आतला सगळा मजकूर त्यानेच सांगून लिहवून घेतला असावा असं वाटे.

नवरा कसा आहे हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी एकच विचारलं होतं, जमीन आहे का. माझा जन्म तापीकाठी, सारंगखेड्याच्या बाजूला, गुजरांच्या कापसाच्या मळ्यात, मजुरांसाठी टाकलेल्या छपरात झाला. आई निंदणी-वेचणी करायची, बाप मोट हाकायचा. छप्पर मालकाचं, सरपण मालकाचं, आणि सकाळी कोणत्या ओळीला लागायचं ते मुकादम सांगणार. मालक काही वाईट नव्हते. बैलांशीही ते चांगलंच वागायचे. पण मला तिथे परत जायचं नव्हतं. येशूकडे आणि नवऱ्याकडे माझं एवढंच मागणं होतं.

जमीन होती, पण कसली ते लग्न होऊन आल्यावर कळलं. पाड्यामागचं जुनं रान जंगल खात्याने तोडून नेलं होतं. धावडा, ऐन, शिसव, बांबू, काही ठेवलं नव्हतं. उरलंसुरलं पेटवून दिलं आणि त्या राखेत आखीव ओळींनी साग लावला. दोन ओळींमधल्या जागेत आम्ही नागली आणि तूर पेरायची. अशा तुकड्याला पलाट म्हणत. अट एकच, साग जगवायचा. जगला तर पुढच्या साली पुन्हा पेरा, मेला तर उठा. म्हणजे जमीन सागाची, आणि आम्ही त्याच्या पायाशी बसून चार दाणे खाणार. तरी मी खूश होते. मुकादमापेक्षा सागाचं रोप बरं, ते तोंड तरी उघडत नाही.

आषाढात अळी आली. रोपं तेव्हा गुडघ्याला लागत होती आणि पानं रुंद, कोवळी, लुसलुशीत. आधी पानांच्या कडा दुमडलेल्या दिसल्या. दुमड उघडली की आत काळपट, पट्ट्यापट्ट्यांची अळी. मग बघता बघता पानांची जाळी झाली. रानाच्या कडेला मोठे साग शिल्लक होते, त्यांच्याखाली उभं राहिलं की वरून अळ्यांची लेंडी टपटप पडायची आणि धाग्याला लोंबकळणाऱ्या अळ्या डोक्यावरच्या पदराला चिकटायच्या. मी नागली निंदताना दर थोड्या वेळाने पदर झटकत असे.

पाहणीला रेंजरसाहेब आले. पुण्याकडचे गृहस्थ, पावसाळ्यातही पायमोजे घालणारे. घोड्यावरून उतरायचे कष्ट न घेता त्यांनी निदान केलं. अळी लागते ती लोकांच्या आळसामुळे. आता या माणसाला काय म्हणावं? आधी रानातली सगळी झाडं हाकलून एकट्या सागाची पंगत बसवली, आणि मग जेवायला अळीच का आली म्हणून लोकांवर डोळे वटारायचे. तेव्हा एवढं नीट मांडता आलं नसतं मला, पण त्या मोकळ्या टेकडीकडे पाहिलं की काहीतरी चुकलंय असं वाटायचं खरं.

साहेबांचा हुकूम साधा होता. आमच्या भागाचा नाकेदार, म्हणजे रानाची राखण करणारा खात्याचा शिपाई, तो पाठ केल्यासारखा सगळ्या पलाटांवरून ओरडत फिरला. तो मैदानातला माणूस, बोली अहिराणी. "साहेबना हुकूम शे. अळी लागेल पानं तोडा, नि जाळी टाका."

इथेच सगळं अडलं. आमच्याकडे नव्या हिरव्याची पूजा होईपर्यंत सागाच्या नव्या पानाला कुणी हात लावत नाही. पत्रावळीला नाही, छपराला नाही, पावसात डोक्यावर धरायलाही नाही. पूजा झाली की मग हवी तेवढी पानं तोडा. पूजेचा दिवस पाड्याचा भगत ठरवतो, आणि पाड्यातल्या प्रत्येक घराने तिला काहीतरी द्यावं लागतं, कोंबडी म्हणा, तांदूळ म्हणा. एक घर जरी राहिलं तरी पूजा होत नाही. त्या वर्षी ख्रिस्ती घरांनी द्यायचं नाकारलं. नाकारणारा पुढारी माझाच सासरा. भगतही इरेला पेटला. तुम्ही देत नाही ना, मग पूजाच नाही, बसा. एरवी आषाढात उरकणारी पूजा अशी लोंबकळत राहिली. दोघं म्हातारे लहानपणी एकत्र गुरं राखत होते आणि आता एकमेकांना देव दाखवत होते. मधल्या मध्ये अळीचं मात्र फावलं. तिला ना पूजा लागत होती ना प्रार्थना.

भगत म्हणाला, पूजा अडली म्हणून अळी आली. सासरा म्हणाला, मूर्तिपूजेमुळे आली. साहेब आळस म्हणालेच होते. रोपं कुणाचीच नव्हती, म्हणून तिघांनाही बोलायला उसंत होती.

साहेब पुन्हा आले तेव्हा पाड्यातली सगळी पुरुषमंडळी हात बांधून उभी होती. पानं का तोडली नाहीत म्हणून साहेबांनी विचारलं. तेव्हा माझा सासरा दोन पावलं पुढे झाला आणि साहेबांना शोभेल असं मराठी जुळवून म्हणाला, "आम्ही ख्रिस्ती लोक असलं काही मानत नाही, साहेब. आमच्या पलाटातली पानं आम्ही तोडू."

साहेबांना तो एकदम माणसात आलेला वाटला. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, याचा साग जगला तर ओढ्याकाठचा पलाट पुढच्या साली यालाच देईन. ओढ्याकाठी काळी माती होती, भात झालं असतं. मी घराच्या दारातून ऐकत होते. त्या संध्याकाळी मी मनात ओढ्याकाठी बांधही घालून टाकला. आणि मला सासऱ्याचा अभिमान वाटला, हेही सांगते, कारण पुन्हा तो कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरचे सगळे पलाटावर गेलो. सासऱ्याने आधी प्रार्थना करायची म्हटली. केली. अशी केली की अळीने तेवढ्यात आणखी एक ओळ संपवली असेल. मग त्याने एका रोपापुढे वाकून हात पुढे केला आणि तो हात पानाच्या अलीकडेच थांबला. जरा वेळाने म्हणाला, खांदा धरलाय. सासू म्हणाली, येशूने पानं तोडायला कुठे सांगितलंय. माझा नवरा नागली निंदत राहिला, मान खाली घालून. तो चांगला माणूस होता. म्हणजे कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि माझ्या बाजूलाही नाही. त्यानंतर रविवार आला. मग पाऊस जास्त आहे म्हणून. मग कपाळ दुखतंय म्हणून. बाकीच्या ख्रिस्ती घरांतही हीच साथ पसरली. देव बदलून एक पिढी झाली होती, पण हातांना अजून कुणी कळवलं नव्हतं.

"मामा, तुम्ही साहेबाला शब्द दिलाय," मी सासऱ्याला म्हटलं.

"शब्द दिला तो मी. तू कशाला घाई करतेस? देव बघून घेईल."

देव काय बघणार होता ते मला दिसत होतं. तापीकाठचं छप्पर दिसत होतं, आणि आईचे हात, कापसाच्या बोंडांनी चिरलेले. मी टोपली घेतली आणि एकटीच पलाटावर गेले.

पहिल्या पानाशी माझाही हात थबकला. खोटं कशाला सांगू. मावची घरात जन्मलेली बाई आहे मी, शाळेत चार अक्षरं शिकले म्हणून काही आभाळातून पडले नाही. पण मग दुमडलेल्या कडेतून एक अळी डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघायला लागली, आणि मला इतका संताप आला की पान देठापाशी कधी मोडलं ते कळलंच नाही. आभाळ कोसळलं नाही. पुढचं मोडलं. मग मी ओळ धरली. साहेबांनी अळी लागलेली पानं म्हटलं होतं, पण अळी न लागलेलं पान होतं कुठे? टोपली भरली की कडेच्या खड्ड्यात ओतायची, वर सुकी काटकी टाकून पेटवायची. ओलं पान जळत नाही, धुमसतं. धूर टेकडीवरून पाड्यावर जाऊन बसायचा. सगळा पलाट होईपर्यंत मी रोज जात होते आणि रोज धूर होत होता. पाड्यातल्या एकाही माणसाने मला त्याबद्दल विचारलं नाही. विहिरीवर बायका बाजूला सरकून जागा द्यायच्या, नको तेवढी जागा.

घरात सासू मला जेवायला वाढायची आणि भिंतीकडे बघायची. सासरा तर मी दिवसभर कुठे असते हे माहीतच नसल्यासारखा वागत होता. एकदा नाकेदार वाटेने आला. थांबला. धुराकडे बघितलं, उघड्या रोपांकडे बघितलं.

"तू एकलीच तोडी ऱ्हायनी का?"

"दुसरं कोण दिसतंय?"

तो काठीने जमीन उकरत उभा राहिला. साहेबांच्या रागाच्या भीतीने त्याने आधीच वर सांगून टाकलं होतं, की सगळ्या पलाटांत पानं तोडून झाली म्हणून. आता खरोखर तोडणारी एकच बाई निघाली, म्हणजे त्याचीच पंचाईत. "मी काहीच देखं नई, बाई," तो म्हणाला आणि निघून गेला.

मग साहेब शेवटच्या पाहणीला आले. ढग दाटून आले होते आणि त्यांना परतायची घाई होती. पाड्यातले सगळे मागे मागे चालले, भगत, सासरा, नवरा, आणि शेवटी मी. आधी बाकीचे पलाट पाहिले. तिथे पानांची जाळी झाली होती, पण जाळी का होईना, रोपांवर होती. साहेब म्हणाले, ठीक आहे, काहीतरी हिरवं आहे. मग आमचा पलाट आला. नुसत्या काठ्या उभ्या. एकावरही पान नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. "हे काय? हा तर पार खलास झाला."

नाकेदार लगेच पुढे. "ह्या पलाटवर अळी जास्ती पडनी, साहेब."

मी वाट बघितली. सासरा बोलेल. साहेबांना शब्द त्याने दिला होता, बक्षीस त्याला कबूल झालं होतं, आणि जे करायचं म्हणाला ते त्याच्या घरात झालेलं समोर उभं होतं. नुसतं 'तोडली साहेब' म्हणायचं होतं. शेवटी मीच म्हणाले, शाळेतल्या मराठीत, नीट, मोठ्याने, "साहेब, पानं मी तोडली. तुमच्या हुकमाने. अळी सगळ्या पानांना होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग विचारलं ते सासऱ्याला. "खरं का हे?"

आता सगळा पाडा सासऱ्याकडे बघत होता. भगत तर अगदी समोर. सगळ्यांनी धूर पाहिला होता, सगळ्यांना ठाऊक होतं, भगतालाही. खरं काय ते कुणाला नकोच होतं. हा काय म्हणतो तेवढंच ऐकायचं होतं. सासऱ्याने एकदा भगताकडे पाहिलं.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "पोरगी काहीही बोलते. आमच्या घरात सागाच्या पानाला कुणी हात लावलेला नाही. अळीनेच खाल्लं."

"ख्रिस्ती असून खोटं बोलतेस?" साहेब मला म्हणाले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वाकून पायातला काटा काढत होता. काटा होता की नाही देव जाणे. साहेबांनी घोड्यावर बसता बसता निकाल दिला. आमचा पलाट गेला, आणि तो ज्याच्या रोपांवर जास्त पानं उरली होती त्याला, म्हणजे भगताच्या घराला मिळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर, संन्यासी, न्यायाधीश सगळे एकाच पंगतीला होते आणि वाढणारी तेवढी मी होते.

त्या संध्याकाळी भगत आमच्या ओट्यावर येऊन बसला. कित्येक महिन्यांत आला नव्हता. दोघं म्हातारे एका विडीवर दुसरी विडी पेटवत जुन्या गुरांच्या गोष्टी सांगत होते, हसत होते. जाताना भगत म्हणाला, येत्या अमावास्येनंतर पूजा करू. सासऱ्याने खुराड्यातली बरी कोंबडी काढून दिली. मी बघतेय हे पाहून म्हणाला, शेजारधर्म म्हणून देतोय. पाड्यात त्याची पत परत आली होती. घरात दाणे किती दिवसांचे उरलेत हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही.

मी ओरडले, रडले, हंडा आपटला. त्याने काय होणार. उभी नागली भगताच्या घरची झाली आणि आमच्यापुढे एकच वाट राहिली, खाली तापीकाठी, निंदणीला.

निघायच्या आधी मी पलाटावर जाऊन आले. काठ्यांना फुटवे आले होते. प्रत्येकीच्या शेंड्याला दोन-दोन पानं, तळहाताएवढी, स्वच्छ, एकावरही भोक नाही. अळीचा भर ओसरला होता. शेजारच्या पलाटांतली रोपंही फुटली होती, म्हणजे मी तोडली म्हणून फुटली असंही छातीठोक म्हणता येत नव्हतं. पण माझी जगली होती एवढं नक्की. मी धावत घरी आले.

"मामा, साग फुटलाय. चला, साहेबाला दाखवू. अजून पलाट परत मिळेल."

सासरा खाटेची दोरी सोडत होता. हात न थांबवता म्हणाला, "साहेब विचारेल, मधे पानं गेली कुठे होती. मग मी काय सांगू?"

"खरं सांगा."

त्याने दोरीचा गुंडाळा केला आणि काखेत घेतला. पूजा व्हायची होती. त्याआधी खरं सांगणं त्याला जमणार नव्हतं, आणि पूजेनंतर आम्ही इथे असणार नव्हतो.

पहाटे उजाडताना निघालो. सासरा पुढे, मग नवरा डोक्यावर बोचकं घेऊन, मग सासू, शेवटी मी. दुपारी विसरवाडीच्या अलीकडे एका नाल्याकाठी टेकलो. भाकऱ्या मी सागाच्या ताज्या पानांत बांधून आणल्या होत्या, मुद्दाम. एकेक पान उघडून तिघांपुढे ठेवलं. सासऱ्याने भाकरी उचलली, पान दोन बोटांनी धरून दगडावर ठेवलं आणि भाकरी उघड्या तळहातावर घेतली. मग डोळे मिटून त्याने अन्नासाठी येशूचे लांबलचक आभार मानले. नवऱ्याने पान बाजूला ठेवलं. सासू जरा घुटमळली, मग तिनेही ठेवलं.

मी माझी भाकरी पानावरच खाल्ली. जेवण झाल्यावर दगडावरची तिन्ही पानं गोळा केली, नाल्यात धुतली, घडी करून ओच्यात बांधली. मळ्यातल्या छपरात पहिल्या दिवशी भाकरी ठेवायलासुद्धा आपलं काही नसतं. त्यांच्यापैकी कुणी तिथे कधी राहिलं नव्हतं. मी राहिले होते.